तीन भाषांचा वायरमन

संगप्पा पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन उभे राहिले, तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "मुलाचं नाव काय?"

"कुणाच्या मुलाचं?"

"तुमच्या. प्रवेशासाठी आलात ना?"

"आलो प्रवेशालाच," ते म्हणाले, "पर मुलाच्या न्हाई. माज्या."

मी हातातला कागद खाली ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. केस कानांवर पिकलेले. पंचेचाळिशी तर नक्कीच उलटलेली. मी स्वतः त्या वेळी सव्विशीचा होतो. उमरीच्या एका शाळामास्तरांचा मुलगा, वीजकामाची पदविका घेऊन लातूरच्या प्रशिक्षण केंद्रात नुकताच लागलेला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस माझ्याकडे शिकायचं म्हणत होता.

लातूरला जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. उस्मानाबादेहून कचेऱ्या आल्या, पण त्यांना घरं नव्हती. कुठलं खातं भाड्याच्या माडीवर, तर कुठलं एखाद्या गोदामात. त्यामुळे जिकडेतिकडे बांधकामं निघालेली. गवंडी मिळत होते, मजूर तर लागोपाठ दोन वर्षं पाऊस बुडाल्यामुळे गावंच्या गावं रिकामी करून आले होते, पण भिंतीत पाईप घालून वायर ओढणारा माणूस मिळेना. ठेकेदार सोलापूरहून, हैदराबादहून वायरमन आणायचे. म्हणून आमच्या केंद्रात बांधकामातलं वीजकाम शिकवणारा वर्ग सुरू झाला. शिकवणं मोफत, हत्यारांची पेटी मोफत, वर थोडं विद्यावेतन. अट एकच, वय पस्तिशीच्या आत.

"काका, तुम्ही वयात बसत नाही," मी म्हणालो.

"ते मला ठाऊक हाय. बाहीरच्या फळीवर लिवलंय. मला पेटी नको, पैसे नकोत. मागं बसून आयकतो. मुफत हाय म्हणे, म्हणून आलो. आयकायला तर वयाची अट नसंल?"

मी त्यांना घेऊन केंद्रप्रमुख बापूसाहेबांकडे गेलो. बापूसाहेब नियमाचे पक्के, पण मनाचे मऊ होते. त्यांनी बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटली आणि म्हणाले, "बाक रिकामा असेल तर बसू दे त्यांना, उद्धव. हजेरीपटावर नाव घालू नकोस. प्रमाणपत्रही मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेव."

"शिकायला मिळंल ना?" संगप्पांनी विचारलं. "मंग झालं."

हा माणूस इथे का आला होता, ते मला हळूहळू कळलं.

देगलूरजवळच्या एका खेड्यात त्यांचं आजोबांपासूनचं किराण्याचं आणि धान्याचं दुकान होतं. तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही हाकेच्या अंतरावर. घरात कन्नड, गिऱ्हाइकात निम्मे तेलगू आणि निम्मे मराठी. "सकाळी बायकोशी कन्नडात भांडायचं," ते सांगायचे, "दुपारी गिऱ्हाइकाशी तेलगूत घासाघीस करायची, अन् सांजच्याला तलाठ्यापुढं मराठीत हात जोडायचे." पहिल्या वर्षी पाऊस कमी झाला, दुसऱ्या वर्षी विहिरींचे तळ दिसले. गाव हैदराबादेला गेलं, ऊसतोडीला गेलं, लातूरला गेलं. दुकानात माल होता, पण दारात माणूस येईना. शेवटी त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि बायको रत्नम्मा हिला घेऊन लातूर गाठलं. रत्नम्माचा धाकटा भाऊ चन्नबसप्पा याचं गंजगोलाईजवळ विजेच्या सामानाचं दुकान होतं. तो म्हणाला, "दाजी, मला तरी भरवशाचं माणूस कुठं मिळतंय? गल्ल्यावर बसा."

बसायला ते बसले. पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक विचारतंच. एकदा नव्या वसाहतीतल्या एक शिक्षिका पाणी तापवायच्या कॉईलसाठी वायर मागायला आल्या. संगप्पांनी हाताशी होती ती वायर कापून दिली. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. हातात तीच वायर, पण वरचं आवरण वितळून काळं पडलेलं. बाई ओरडल्या नाहीत. "घरात लहान मूल आहे हो," एवढंच म्हणाल्या. "ही वायर याला चालत नाही, हे विकताना तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"लई शरम वाटली, सर," संगप्पा मला म्हणाले. "जवारीचा दाना दाताखाली फोडून सांगायचो मी, कोन्या शिवारातली हाय म्हणून. अन् हितं काय विकून राहिलो तेच कळंना. चन्नबसप्पा म्हणला, दाजी, मनावर घेऊ नका, मागंल ते द्यायचं. आसं कसं? उद्या कुणाचं घर जळालं म्हंजे?"

सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाताना आमच्या केंद्राच्या भिंतीवरची ती फळी त्यांनी वाचली होती.

वर्गात ते शेवटच्या बाकावर बसू लागले. पोरं त्यांना आप्पा म्हणायची. पहिले काही दिवस मागे वळून हसायचीही. संगप्पांना त्याचं काही वाटत नसे, कारण त्यांना वेगळीच चिंता होती. त्यांना विजेची भीती वाटायची. पहिल्या दिवशी तर त्यांनी टेस्टर खालीच टाकला, आणि पुढेही त्याचा दिवा लागला की ते दचकून मागे सरायचे. पोरं एकदा दाखवलं की जोड मारायची. आप्पा बोट कापून घ्यायचे. पक्कड धरायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. एकदा त्यांनी फळ्यावरच्या आकृतीकडे बघत बघत दोन्ही तारा एकाच ठिकाणी जोडल्या, बटण दाबलं, आणि फट्‌कन आवाज होऊन अख्ख्या वर्गातले पंखे बंद पडले. उन्हाळ्याचे दिवस होते. पोरं ओरडली. आप्पा घामाघूम होऊन उभे.

"फ्यूज गेला फक्त," मी म्हणालो. "त्याचं कामच जायचं आहे. तो गेला म्हणून तुम्ही आहात."

"म्हंजे आपल्या जागी त्यानं मरायचं?"

"हो, तसंच."

त्यांनी तो जळका फ्यूज काढून हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. त्या दिवसानंतर त्यांची भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे ते ओळखू लागले.

वर्ग सुटल्यावर पोरं निघून जायची आणि आप्पा खाली पडलेले वायरचे तुकडे गोळा करत बसायचे. ते पिशवीत भरून घरी न्यायचे. एकदा त्यांनी मला घरी नेलं, तेव्हा त्या तुकड्यांचं काय होतं ते कळलं. दोन खोल्यांचं माडीवरचं बिऱ्हाड, बाहेरून दगडी जिना. रत्नम्मांनी मला पाट दिला, पाणी दिलं आणि लगेच तक्रार मांडली.

"सर, तुमीच सांगा ह्यांना काई तरी. दाराच्या मागं फळी ठोकली. बटनंच बटनं लावलेत. एकाबी बटनानं दिवा लागत न्हाई!"

"आगं, ती सरावाची फळी हाय. तिला लाईन दिली न्हाई अजून."

"मंग कामून दाबता उठल्या-बसल्या?" रत्नम्मा माझ्याकडे वळल्या. "जेवता जेवता उठतेत, सर. काई आठवलं म्हणतेत अन् बटन दाबून येतेत. आमच्या गावात म्हणतील, दुकान बुडालं अन् संगप्पाचं डोकं फिरलं."

मी हसलो. त्याही हसल्या, पण त्यांच्या डोळ्यांत काळजी होती. नवऱ्याने या वयात पोरांमध्ये बसावं, हे त्यांना लागलेलं होतं.

आप्पांना सगळ्यात जास्त छळलं ते जिन्यातल्या दिव्याने. खालून लावायचा आणि वर जाऊन विझवायचा, किंवा उलट. एक दिवा, दोन बटणं. आकृती ते बरोबर काढायचे, पण जोडताना कुठेतरी चुकायचेच. कधी दिवा खालूनच लागायचा, वरून नाही. कधी दोन्ही बटणं खाली दाबलेली असतील तरच लागायचा. "हे बटन चालू का बंद, ते कसं वळखायचं?" हा त्यांचा प्रश्न. मी सांगायचो की या बटणाला चालू-बंद नसतंच. ते फक्त वाट बदलतं. त्यांना पटायचं नाही. बटण म्हटलं की ते चालू तरी असलं पाहिजे, नाही तर बंद.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी डबा खात असताना वर्गातून टाळ्यांचा आवाज आला. जाऊन बघतो तर आप्पा लांब बाकाच्या एका टोकाला बटण दाबत होते, धोतराचा सोगा सावरत दुसऱ्या टोकाला जात होते आणि तिथलं दाबत होते. दिवा लागत होता, विझत होता. पोरं टाळ्या वाजवत होती.

"वाट बदलतंय!" मला पाहून ते ओरडले. "सर, नुस्ती वाट बदलतंय!"

त्या आठवड्यात त्यांनी घरमालकाची परवानगी काढून आपल्या दगडी जिन्यात तसाच दिवा बसवला. जोडणी तपासायला मी गेलो होतो. रत्नम्मा तिन्हीसांजेला खालून बटण दाबून वर गेल्या, वरून विझवला, पुन्हा लावला, आणि कसलं तरी काम काढून पुन्हा खाली उतरल्या. तक्रार त्या दिवशी काहीच केली नाही.

वर्गात त्यांची जागा बदलली तीही त्याच सुमाराला. शेवटच्या बाकावर सारखी कुजबूज चालायची म्हणून मी एकदा चिडून विचारलं, "काय चाललंय तिकडं?"

आप्पा उभे राहिले. "सर, माफ करा. ही दोघं देगलूरकडली हायेत. ह्यांना तुमची पुस्तकातली मराठी कळंना. मी तेलगूत सांगून राहिलो."

"काय सांगत होता?"

"ते रोध म्हंजे काय ते. बारीक वायर कामून तापती ते."

मी त्यांना पुढे बोलावलं आणि म्हणालो, इथून सांगा, मोठ्याने. ते लाजले, पण त्यांनी सांगितलं. मला तेलगू येत नाही. ती दोन पोरं मात्र पहिल्यांदाच मान डोलवताना मी पाहिली. तेव्हापासून मी धडा शिकवायचा आणि आप्पांनी त्या पोरांमध्ये बसून तो त्यांच्या भाषेत सांगायचा, असं ठरून गेलं. चुकीचं सांगत असतील तर? अशी मला शंका यायची. पण त्यांचीच सवय अशी होती की, एखादी गोष्ट स्वतःला नीट कळली नसेल तर ते मध्येच थांबून मला विचारायचे. दुकानदाराची सवय ती. वजनाची खात्री नसली की काटा पुन्हा बघायचा.

वर्ग संपत आला तेव्हा आम्ही पोरांना प्रत्यक्ष कामाचा सराव व्हावा म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरांच्या एका बांधकामावर नेऊ लागलो. ठेकेदाराचं नाव वीरभद्र. माणूस वाईट नव्हता, पण मुदतीच्या ओझ्याखाली दबलेला. पाणी टँकरने यायचं, हौदात पडायचं, आणि तिथून मोटारीने वरच्या मजल्यावर चढायचं.

त्या दिवशी मी वर पोरांना छतातले पाईप दाखवत होतो. आप्पा खाली मुख्य बटणाच्या पेटीजवळ वायरची गुंडाळी सोडवत बसले होते. एवढ्यात खालून कुणीतरी किंचाळलं. मी जिन्याकडे धावलो. सिंधु नावाची एक मजूर पोरगी, देगलूरकडचीच, हौदाजवळ मोटारीच्या लोखंडी पाइपाला चिकटून उभी होती. ओल्या जमिनीवर, अनवाणी. तोंडातून आवाज नाही, हात सुटत नाही. तिच्या शेजारची बाई तिला ओढायला पुढे झेपावली.

"मुट्टद्दु!" आप्पांचा आवाज इतका मोठा असेल हे मला माहीत नव्हतं. तेलगूत ते ओरडले होते, हात लावू नको. ती बाई जागच्या जागी थांबली. आप्पांनी पेटीतलं मुख्य बटण खाली ओढलं. मोटार बंद झाली आणि सिंधु जमिनीवर कोसळली.

श्वास चालू होता. वीरभद्रांनी स्वतःच्या जीपमधून तिला दवाखान्यात नेलं. तळहात भाजला होता, पण जीव वाचला. दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागल्याचं कळलं. त्या दिवशी जीप गेल्यावर आप्पा बांधकामाच्या पायरीवर येऊन बसले.

"मला बी आधी ओढायलाच जायचं होतं, सर," ते म्हणाले. "पाय उचलला व्हता."

असं का झालं, ते मी शोधलं. मोटारीच्या आतली एक तार सोलवटून तिच्या लोखंडी अंगाला टेकली होती. तेवढ्याने माणूस दगावू नये म्हणून अर्थिंग असते. मोटारीच्या अंगापासून एक तार नेऊन खड्ड्यात, मीठ-कोळशाच्या थरात पुरतात. बिघाड झाला की वीज त्या वाटेने जमिनीत उतरते, फ्यूज जातो आणि सगळं बंद पडतं. इथे फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार पिळून घातली होती. अर्थिंगचा खड्डा होता, तारही होती. पण खड्ड्यात ओल हवी, आणि दोन वर्षं त्या जमिनीत पाणी मुरलंच नव्हतं. मातीला हात लावला तर ती पिठासारखी सांडली. सुकलेल्या मातीने वीज घेतली नाही; मग ती पोरीच्या अंगातून गेली.

मोटार दुरुस्त झाली, योग्य फ्यूज बसला. खड्ड्यात पाणी घाला, असं मी वीरभद्रांना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

"सर, माणसाला प्यायला पुरंना. शिमिटाला पुरंना. खड्ड्याला कुठून घालू?"

त्यांचंही खरं होतं. आप्पा मात्र म्हणाले, "हात-पाय धुतेत ते पानी कुठं जातं? घमेली धुतेत ते? तेच एका चरीनं खड्ड्याकडं वळवू. चर मी खंदतो."

त्यांनी आणि पोरांनी त्याच सकाळी चर खणला. पाणी खड्ड्यात मुरायला लागण्याआधी आप्पांना एक गोष्ट करायची होती. "ह्या लोकांना दिसलं पायजे," ते म्हणाले. "आपण सांगून त्यांना काय कळणार?"

म्हणून आम्ही सगळ्या मजुरांना जेवणाच्या सुट्टीत तिथे बोलावलं. एक साधा बल्ब, त्याला दोन तारा. सगळ्यांना दूर उभं करून मी एक तार चालू लाईनला लावली आणि दुसरी अर्थिंगच्या पट्टीला. बल्ब नुसता लाल झाला, विझत्या निखाऱ्यासारखा. मग लाईन बंद करून आम्ही खड्ड्यात घमेल्यांनी धुण्याचं पाणी ओतलं आणि ते मुरू दिलं. पुन्हा तारा लावल्या. बल्ब उजळला. मजुरांमधून "अरे!" असा एकदम आवाज निघाला.

मी मराठीत सांगितलं, कोरडी माती वीज घेत नाही, ओली घेते. आप्पांनी ते तेलगूत सांगितलं, मग उदगीर-निलंग्याकडच्या गवंड्यांसाठी कन्नडात. आणि शेवटी तिन्ही भाषांतलं एकच वाक्य त्यांनी सगळ्यांकडून म्हणून घेतलं: "हात लावू नको! मुट्टबेड! मुट्टद्दु!" आधी बटण बंद, मग माणूस. गवंडी हसत म्हणत होते, पण म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत लोक आपणहून आप्पांभोवती बसले. कुणी विचारलं, ओल्या भिंतीला हात लावला की मुंग्या का येतात? कुणी विचारलं, तुटलेली वायर कागदाने गुंडाळली तर चालते का? अशी ती रोजची बैठक झाली. वीरभद्र एकदा कुरकुरले, "आप्पा, माज्या मजुरांना वायरमन करता का काय?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "जित्ते ठेवतो."

चार दिवसांनी वीरभद्रही जेवणाचा डबा घेऊन मागे येऊन बसलेले मी पाहिले.

सिंधु कामावर परत आली तेव्हा हाताला पट्टी होती आणि ती मोटारीच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. आप्पांच्या बैठकीत ती सगळ्यात लांब बसायची. आप्पांनी तिला जवळ बोलावलं नाही. आपण पहिल्या दिवशी टेस्टर कसा खाली टाकला होता, ते मात्र त्यांनी सगळ्यांना तेलगूत नक्कल करून सांगितलं. सिंधु हसली. काही दिवसांनी ती भिंतीत पाईप बसवायच्या खाचा पाडू लागली. तिचा छिन्नीचा हात सरळ होता. मग तिनेच विचारलं, ह्या पाइपातून पुढं काय जातं? पुढच्या वर्षी आमच्या वर्गात तिचं नाव आलं, हजेरीपटावर, रीतसर. वयात ती बसत होती. केंद्रातली पहिली मुलगी. तिच्यासाठी बापूसाहेबांना अर्जातल्या "विद्यार्थ्याचे" या शब्दापुढे हाताने तिरकी रेघ मारून दुसरा शब्द लिहावा लागला. तो त्यांनी मोठ्या वळणदार अक्षरात लिहिला.

आप्पांना आमच्याकडून कागद मिळणार नव्हताच. पण वायरमनच्या परवान्याची परीक्षा वेगळी असते आणि तिला पस्तिशीची अट नव्हती. चन्नबसप्पाने ओळखीच्या परवानाधारक ठेकेदाराकडे त्यांना कामाला लावून दिलं, म्हणजे अनुभवाचा दाखला मिळावा. "माझं दुकान मोकळं पडंल, दाजी," तो म्हणाला, "पर तुमी जा."

पहिल्या खेपेला आप्पा नापास झाले. हाताचं काम जमलं, तोंडी परीक्षेत गडबडले. परीक्षक भराभर विचारत गेले आणि आप्पांची वाचा बसली. घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडले. मी भेटायला गेलो तेव्हा रत्नम्माच बोलत होत्या.

"उत्तर येत व्हतं का न्हाई?"

"येत व्हतं."

"कन्नडात आलं का?"

आप्पा उठून बसले. "हाव. आधी कन्नडात आलं. मंग मराठी करूस्तर त्यांनी पुढलं विचारलं."

"तर मंग रडायचं काय त्यात? माज्यापुढं बसा. मी मराठीत विचारते, तुमी मराठीत बोला. कन्नड बोलला की पुन्यांदा."

रत्नम्मांना वाचता जेमतेम यायचं. तरी त्या अक्षराला अक्षर लावून माझ्या पुस्तकातले प्रश्न विचारायच्या. भाकरी थापताना, पाणी भरताना, नळाच्या रांगेत उभ्या असताना. "दोन तारांचा जोड उघडा ठेवला तर काय व्हतं?" असं रांगेत मोठ्याने विचारून त्यांनी आळीतल्या बायकांना चकित करून सोडलं. पुढे पुढे तर काही बायका आप्पांच्या आधी उत्तर द्यायला लागल्या.

दुसऱ्या खेपेला ते पास झाले. परवाना घेऊन ते आधी केंद्रात आले आणि माझ्या पायांकडे वाकायला लागले. मी घाईने त्यांचे हात धरले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस तो. "मंग काय करू?" ते म्हणाले. शेवटी आम्ही दोघंही बापूसाहेबांच्या पाया पडलो, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

पुढची दोन-तीन वर्षं लातूरच्या नव्या वसाहतींमध्ये त्यांनी पुष्कळ घरांत वायरी ओढल्या. फार भरभर काम होत नसे त्यांचं, पण घरातल्या माणसाला समोर बसवून कोणतं बटण कशाचं, फ्यूज कुठला, अर्थिंग कुठे आहे आणि तिथे पाणी कधी घालायचं, हे समजावल्याशिवाय ते पिशवी उचलत नसत. सिंधु त्यांच्याबरोबर काम करायची. तिचाही परवाना झाला. पुढे तिने मुदखेडला रेल्वेच्या वसाहतीजवळ स्वतःचं काम सुरू केलं. आप्पांचं काम तपासायला तिला कुणी बोलावलं, तर ती खरंच तपासायची आणि चूक असेल तर सांगायची. आप्पांना त्याचा अभिमान होता.

पाऊसपाणी सुधारलं, गावं पुन्हा भरली, तसे आप्पा आणि रत्नम्मा देगलूरला जाऊन राहिले. दुकान त्यांनी पुतण्याला देऊन टाकलं. माझी बदली नांदेडला झाली. देगलूरला असं एखादं मोफत केंद्र काढावं म्हणून मी वर लिहिलं, पण ते काही झालं नाही. मग एकदा कामानिमित्त देगलूरला गेलो तेव्हा बाजारचा दिवस होता. बस स्टँडवर एका चहावाल्याला मी आप्पांचा पत्ता विचारला. "वायरमन आप्पा? आज घरी न्हाईत ते, मार्केटात भेटतील," तो म्हणाला.

धान्य बाजाराच्या लांब ओसरीत वीस-पंचवीस माणसं बसली होती. बाजाराला आलेली खेड्यातली पोरं, दोन गवंडी, एक पिठाच्या गिरणीवाला, तीन-चार बायका. समोर लाकडी फळीवर बटणं, होल्डर, फ्यूज. आप्पा आणखी पिकले होते. माझ्याकडे पाठ करून ते तेलगूत काहीतरी सांगत होते. एका मुलीने हात वर करून काही विचारलं. आप्पांनी फळीकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि ते आधी तेलगूत, मग मराठीत म्हणाले, "हे मला येत न्हाई. विचारून सांगतो."

मग वळले आणि त्यांना मी दिसलो.

"हे बग," ते त्या मुलीला म्हणाले, "आता तुज्या प्रश्नाला मानूसच आला." त्यांनी ओसरीतलं पोतं झटकून मला जागा केली. "सर, बसायचं मंग. आधी हिचं उत्तर द्या. तुमी सांगा, मी तेलगूत सांगतो."

प्रश्न तीन फेजच्या मोटारीचा होता. मी बाह्या वर केल्या आणि सांगायला सुरुवात केली.